केसभर डावीकडे

मी एक पट्टा-करवत बोलतेय. बोलायला तोंड लागतं, असं तुम्ही म्हणाल. तोंडाचं माहीत नाही, पण दात मला भरपूर आहेत. वर एक आणि खाली एक अशी दोन मोठी चाकं, त्यांच्यावरून गरगर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा आणि मध्ये बिडाचं टेबल, एवढा माझा संसार. टेबलावरून लाकूड पुढे सरकवलं की पट्टा वरून खाली येता येता ते कापतो. काम साधं आहे, लोकांनीच त्याचा बाऊ करून ठेवलाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून बोल लावायला नको. मी डावीकडे जाते. फार नाही, केसभर. मला पहिल्यांदा कारखान्यातून बाहेर काढलं तेव्हा गाडीवरून उतरवताना एका हमालाला शिंक आली आणि मी वरच्या चाकावर आपटले. "काही झालेलं नाही," असं तिन्ही हमालांनी एका सुरात सांगितलं. तेव्हापासून माझं वरचं चाक किंचित कललेलं आहे. कितीही आवळा, सैल करा, पट्टा बदला, माझी चाल डावीकडेच.

सुरुवातीची वर्षं मी खुर्च्यांच्या कारखान्यात होते. तिथे मी पाय आणि हात कापायचे, म्हणजे खुर्च्यांचे. ते मुळातच बाकदार, त्यामुळे माझं डावीकडे जाणं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कारखाना बंद पडल्यावर मी एका खेळणीवाल्याकडे गेले. त्याच्यासाठी मी लाकडी बदकं कापली. माझी सगळी बदकं जरा डावीकडे बघायची. पण तक्रार घेऊन एकही मूल आलं नाही.

माझे वाईट दिवस सुरू झाले ते फ्रेमवाल्याकडे. फोटोच्या चौकटी म्हणजे सगळं सरळ हवं. पहिल्याच दिवशी त्याने मला "वाकडी" असं नाव ठेवलं आणि पुढे तेच पडलं. "वाकडीवर टाक ते डबे," "वाकडीला पिशवी अडकव," असं चालायचं. माणसं निरुपयोगी वस्तू टाकून देत नाहीत, तिच्यावर दुसऱ्या वस्तू ठेवतात. माझ्या टेबलावर रंगाचे डबे आले, वरच्या मुठीला त्याची जेवणाची पिशवी आली, आणि मी करवत आहे हे मी स्वतःही विसरत चालले होते.

अशात एक दिवस साहेब आले. साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. उभी हयात त्यांनी दुकानादुकानांतून तराजू, वजनं आणि कापड मोजायच्या पट्ट्या तपासल्या. बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि म्हणायचं, "पास." नसेल तर जप्त. हा "पास" त्यांनी घरात मात्र कधी उच्चारला नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. भाजीला "ठीक", जावयाला "ठीक", मुलीचा पहिला नंबर आला तेव्हाही "ठीक आहे".

साहेबांनी खिशातून गुण्या काढला. सुतार काटकोन बघायला वापरतात ना, ते हत्यार. फ्रेमवाला जरा चपापला. साहेबांनी माझ्या टेबलाला गुण्या लावला, पट्ट्याला लावला, आणि विचारलं, "सरळ कापते का?"

"सरळ? अहो, रेघ मारल्यासारखी!" फ्रेमवाला डोळ्याची पापणीही न लववता म्हणाला. रेघ कशी मारली होती ते त्याने सांगितलं नाही. मला तोंड असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. पण खरं सांगू? डब्यांखालून सुटका होत होती, म्हणून मीही मूग गिळून बसले.

साहेबांच्या घराच्या मागच्या दारात मी अडकले. अर्धी आत, अर्धी बाहेर. साहेबांनी शांतपणे दार मोजलं, मग मला मोजलं आणि जाहीर केलं, "बसत नाही." धरून धरून शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या हाताला रग लागली होती. त्याने साहेबांकडे नुसतं बघितलं. शेवटी दार बिजागरीतून काढलं आणि मी मागच्या खोलीत आले.

"हे काय आणलंत?" बाईंनी विचारलं. बाई म्हणजे साहेबांच्या पत्नी.

"करवत."

"ते दिसतंय. कुणाचा गळा कापायचाय?"

"फळी कापायचीय."

यावर बाईंनी मागे वळून कपाटाकडे बघितलं. कोणती फळी, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही हळूहळू कळलं.

साहेबांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गल्ल्यापुढे एक लांबलचक फळी, तीन बोटं जाड, तिच्यावर कापड मोजायचे. फळीच्या एका लांब कडेला, जाडीच्या मधोमध, दोन पितळी खिळे ठोकलेले. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक मीटर. साहेब आणि त्यांची थोरली बहीण शाळेतून आले की त्याच फळीवर वह्या पसरून अभ्यास करायचे. वडील गेल्यावर दुकान रिकामं करताना भावाबहिणीत घर, भांडी, सोनंनाणं यांची वाटणी हू की चू न होता झाली. अडलं ते फळीवर.

"फळी मला हवी," ताई म्हणाल्या.

"मलाही हवी," साहेब म्हणाले.

"बाबांसोबत दुकानात मी उभी राहायचे. तू राहायचास?"

"मी नोकरी करत होतो! मग काय, मधोमध कापून देऊ?"

"दे कापून! तुझं काय जातंय? तुला नाही तरी सगळं मोजूनच द्यायची सवय!"

ते दोघांचं शेवटचं बोलणं. फळी साहेबांच्या कपाटामागे गेली, जुन्या चादरीत गुंडाळून. ताई येईनाशा झाल्या. साहेब त्यांचं नाव काढत नसत, पण फोन वाजला की आधी तेच उठत. फोन दुसऱ्याच कुणाचा असला की "तुझा आहे" म्हणून बाईंच्या हातात देत.

मग एकदा बाई नाश्त्याला पाव कापत होत्या. पाव आडवा धरून त्यांनी त्याचे दोन पातळ भाग केले, वरचा आणि खालचा. साहेब त्या पावाकडे बघतच राहिले. फळी लांबीत अर्धी केली तर दोघांनाही तुकडाच मिळणार. पण जाडीत चिरली तर? दोघांनाही पूर्ण लांबीची, पूर्ण रुंदीची फळी मिळेल, फक्त पातळ. चहा तसाच टाकून साहेब उठले आणि जुन्या करवतीच्या शोधाला लागले. अशी मी या घरात आले. एका पावामुळे.

आता साहेबांना लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यावर त्यांच्याकडे एकच उपाय होता, पुस्तक. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी सुतारकामावरचं एक जाडजूड पुस्तक उकरून आणलं. ते माझ्या टेबलावर उघडून ठेवायचे, त्यामुळे मलाही वाचायला मिळालं. माझ्याबद्दल एवढं लिहून ठेवलंय याची मला कल्पनाच नव्हती. एका प्रकरणात मला "लहरी" म्हटलंय. लेखक भेटला तर त्याला विचारीन म्हणते.

माझ्या टेबलावर एक लोखंडी आडपट्टी बसवता येते. लाकूड तिला टेकवून पुढे सरकवायचं, म्हणजे ते इकडेतिकडे जात नाही. साहेबांनी ही आडपट्टी गुण्याला लावून अगदी काटकोनात बसवली. डोळ्यांना चष्मा, कानात कापूस, अंगात बायकोचा जुना एप्रन. मग एक रद्दी फळकूट घेऊन त्यांनी मला चालू केलं.

मी गेले डावीकडे. फळकुटाचे दोन भाग झाले खरे, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखे. साहेबांनी ते जाडी मोजायच्या कॅलिपरने मोजले, आडपट्टी पुन्हा काटकोनात बसवली आणि दुसरं फळकूट घेतलं. तेही तसंच. तिसरंही.

त्या जाड पुस्तकात पुढच्याच पानावर लिहिलं होतं: 'प्रत्येक करवतीचा स्वतःचा एक कल असतो. आधी तो शोधा आणि आडपट्टी त्या कलाला समांतर लावा, मग ती काटकोनात नसली तरी चालेल.' मी ते वाचलं आणि माझे दोन्ही पट्टे, म्हणजे एकच आहे, पण जणू दोन्ही थरारले. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

साहेबांनीही वाचलं. पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. "वाकडं लावा म्हणतो," ते बाईंना म्हणाले. "छापताना कुणी तपासलेलं दिसत नाही."

मग त्यांनी दुसरं पुस्तक आणलं. त्यात चित्रं जास्त होती, पण म्हणणं तेच. मग तिसरं आणलं, वाचनालयातून, परभाषेतलं. ते शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावत बसले. चार दिवस खपून त्यांनी ते पान लावलं, तर तिथेही तेच. माणसं पुस्तकं शिकायला वाचतात असं मला वाटायचं. साहेब मात्र आपल्याला दुजोरा देणारा लेखक सापडेपर्यंत वाचत होते. तो काही सापडत नव्हता.

तोवर माझ्यापुढे तिरक्या तुकड्यांचा ढीग साचला. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. बाईंनी त्यातला एक उचलून दाराखाली सारला. दार जागच्या जागी थांबलं. मग त्यांनी एक इस्त्रीवाल्याला दिला, एक समोरच्या शिंपीणबाईंना, एक वरच्या मजल्यावर. महिनाभरात आख्ख्या गल्लीत वाऱ्याने दार आपटायचं बंद झालं. लोक साहेबांना रस्त्यात थांबवून आभार मानायचे. साहेबांचा चेहरा तेवढा बघण्यासारखा व्हायचा.

आणि मग बाई एका दुपारी खोलीत आल्या. बाई आणि ताईंचं बोलणं चालू होतं, ते साहेबांना माहीत होतं आणि माहीत नसल्याचं सोंग चालू होतं.

"ताई मुलाकडे राहायला चालल्यात. लांब. कायमच्या," बाई म्हणाल्या. "रविवारी सामान निघणार. म्हणाल्या, फळी द्यायची तर तेव्हा दे म्हणावं, नाहीतर राहू दे. पुन्हा विचारणार नाही."

"अजून सरळ कापत नाहीये," साहेब म्हणाले.

"अहो, 'पुन्हा विचारणार नाही' हे फळीबद्दल नाही म्हणालेल्या त्या. एवढं तरी मोजता येतंय का तुम्हाला?"

बाई निघून गेल्या. साहेब बराच वेळ माझ्या टेबलावर हात टेकून उभे होते. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. सरळ असते तर हा प्रसंगच आला नसता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी चादरीतून बाहेर काढली. पट्ट्याच्या वाटेत धातू आला तर माझे दात जातात, म्हणून कापण्याआधी खिळे काढा, असं पुस्तकात होतं. तेवढं तरी साहेबांना पटलं. पण सवय कुठे जाते? खिळे काढण्याआधी त्यांनी खात्यातली पोलादी पट्टी आणली आणि दोन खिळ्यांमधलं अंतर मोजलं.

पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग फोन काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"ताई."

"कोण?"

"मी."

"मी कोण? सामान बांधणारे दोघं सकाळपासून 'मी' म्हणूनच फोन करतायत."

"धाकटा."

"हं. बोल."

"बाबांचा मीटर चुकीचा आहे."

"इतक्या दिवसांनी फोन केलास तो हे सांगायला?"

"बोटभर जास्त भरतोय, ताई. बोटभर!"

"माहितीये मला. दुसरा खिळा ठोकताना फळी मीच धरली होती. म्हटलं, बाबा, पुढे गेला खिळा. तर म्हणाले, असू दे, कापड धुतलं की आटतं. तेवढं आपल्याकडून."

"म्हणजे आयुष्यभर प्रत्येक मीटरमागे..."

"हो. प्रत्येक मीटरमागे."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तू खात्यात लागलास ना. बाबा म्हणाले, धाकट्याला कळू देऊ नको. बिचाऱ्याला फळी जप्त करावी लागेल."

साहेब खाली बसले आणि रडले. डोळ्यात भुसा गेला वगैरे काही नाही. त्या दिवशी मी बंद होते.

मग साहेबांनी नाक पुसलं. "ताई, फळी लांब आहे. अलीकडून ढकलायला एक आणि पलीकडून धरायला एक माणूस लागतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे?"

"तिन्ही पुस्तकांत आहे."

"मग आलंच पाहिजे," ताई म्हणाल्या. "टेम्पोच्या आधी येते."

फोन ठेवल्यावर साहेबांनी एक रद्दी फळकूट घेतलं. त्यावर कडेला समांतर अशी एक रेघ आखली, माझी आडपट्टी काढून बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताने, रेघ धरून, मी जाईन तसं मला जाऊ देत अर्ध्यापर्यंत कापलं. मग मला बंद केलं. फळकूट जसं तिरकं थांबलं होतं तसंच धरून त्यांनी त्याच्या कडेने माझ्या टेबलावर पेन्सिलीने रेघ ओढली.

ती माझी रेघ. माझ्या जन्माची चाल, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासमोर काढून दाखवलेली. साहेबांनी शेजारी गुण्या ठेवून पाहिला. रेघ तिरकीच. त्यांनी गुण्या उचलून खणात टाकला आणि आडपट्टी त्या रेघेवर बसवली.

रविवारी ताई आल्या. ठेंगण्या, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज खणखणीत. भावाने "ये" म्हटलं, बहिणीने "हं" म्हटलं. चहा नको म्हणाल्या आणि प्यायल्या. मग मागच्या खोलीत येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ही पट्टी वाकडी आहे."

"हो."

"तू लावलीस?"

"हो."

ताईंनी बाईंकडे वळून हळूच विचारलं, "बरा आहे ना हा?"

"पुस्तकं वाचतायत," बाई म्हणाल्या.

खिळे काढलेली फळी आम्ही कडेवर उभी केली. साहेब अलीकडे, ताई पलीकडे. मला चालू केलं. मी इतकी लाकडं कापली, पण त्या दिवशी माझी दोन्ही चाकं लटपटत होती. ही फळी बिघडली तर दुसरी नव्हती. पहिला दात लाकडात गेला आणि मला कळलं की मला कुणी ओढत नाहीये. मी डावीकडे निघाले आणि फळीही माझ्याबरोबर आली. गुपचूप.

"सरळ जातंय का?" मध्येच ताई ओरडल्या.

"बोलू नकोस!"

"मी मोठी आहे, मी बोलणार!"

"बोल, पण धर!"

ताईंनी धरलं. फळीचं शेवटचं टोक साहेबांनी काठीने पुढे सारलं, मी बंद झाले, आणि खोलीत भुसा खाली बसू लागला. ताईंनी दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडून टेबलावर मांडल्या. आतलं लाकूड फिकट, ताजं, जणू काल कापलेलं. मध्ये एक गाठ होती, ती दोन्हींवर समोरासमोर आली होती. काढलेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा बरोबर चिरली गेली होती. निम्मं हिच्यात, निम्मं तिच्यात. ताईंनी त्या निम्म्या भोकात बोट घालून बघितलं.

"आतून नवीच आहे की गं," त्या बाईंना म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

साहेबांनी सवयीने कॅलिपर काढला.

"आता मोजतोस?" ताई म्हणाल्या. "आणि कमीजास्त निघाली तर?"

"जास्तीची तुला."

त्यांनी चारी कोपरे मोजले. काय भरलं ते सांगितलं नाही. कॅलिपर खिशात टाकला, वाकून माझ्या टेबलावरच्या त्या तिरक्या रेघेकडे बघितलं, आणि म्हणाले, "पास."

दारात बाई झाडू घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. साहेबांनी पुन्हा सांगितलं नाही.

उरले दोन पितळी खिळे. एक ताईंनी उचलला, एक साहेबांनी. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. "आता एकेका खिळ्याने मोजायचं कसं?" बाईंनी विचारलं. ताईंनी फळी काखेत मारली आणि म्हणाल्या, "यायचं एकमेकांकडे."

तर अशी मी. हल्ली माझ्यावर डबे नाहीत, पिशवी नाही. शेजारी साहेबांच्या वाटणीच्या फळीवर तिन्ही पुस्तकं आहेत. वाचनालयाचं पुस्तक साहेब परत करायला जातात आणि पुन्हा घेऊन येतात. माझ्या टेबलावरची पेन्सिलीची रेघ पुसली जायला लागली तेव्हा त्यांनी ती टोच्याने कोरून घेतली. फ्रेमवाल्याने ठेवलेलं नाव ताईंनी ऐकलेलं नाही, पण आडपट्टी बघून त्यांनीही तेच ठेवलं. दर रविवारी फोनवर आधी विचारतात, "वाकडी कशी आहे?" त्यांच्या तोंडून ते नाव मला चालतं.

तुम्ही कधी जुनी करवत घ्यायला गेलात, तर एवढं माझं ऐका. "सरळ कापते का?" असं विचारू नका, उत्तर खोटंच मिळेल. एक रद्दी फळकूट घ्या, तिला तिच्या चालीने अर्धं जाऊ द्या, आणि मग तिच्यासाठी रेघ ओढा. आम्हाला सरळ करत बसू नका. आमचं आयुष्य त्यात जातं आणि तुमच्या गल्लीतली दारं तेवढी थांबतात.

सुट्टीत ताई येणार आहेत. मोजायचं असं काहीच नाहीये. पण येताना फळी घेऊन येणार आहेत.